कडेवरून खाली

दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची, तिला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहायचं, पाच वर्षांच्या मुलाला न्हाऊमाखू घालून पाटावर बसवायचं आणि त्याचा हात हातात धरून पहिली अक्षरं गिरवून घ्यायची. मराठी घरांत, म्हणजे ज्या घरांना अक्षराचा हक्क होता त्या घरांत, मुलाचं शिकणं असं सणासुदीला सुरू होई. हात मोठ्या माणसाचा, बोट मुलाचं. आई कौतुकानं बघत असे आणि आजी दृष्ट काढत असे.

त्यानंतर मूल जायचं ते पंतोजींच्या शाळेत. ही शाळा कुणाच्या तरी पडवीत, देवळाच्या ओवरीत किंवा धर्मशाळेत भरे. धूळपाटीवर अक्षर काढायचं, हातानं पुसायचं, पुन्हा काढायचं. बाराखडी झाली की मोडी आणि मोडीबरोबर पाढे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी अपूर्णांकांची अख्खी उतरंड पोरं एका सुरात म्हणत. दुकानाचा हिशेब तोंडी करता यावा आणि आलेलं पत्र वाचता यावं, एवढ्यापुरती ही विद्या पक्की होती. शिक्षाही तितक्याच पक्क्या होत्या. छडी होती, अंगठे धरून ओणवं उभं राहणं होतं, आणि घोडीला टांगण्याची धास्ती तर घरीही दाखवली जाई. एखादा पोरगा आला नाही की पंतोजी चार दांडगे विद्यार्थी धाडत. ते त्याचे हातपाय धरून उचलबांगडी करून त्याला शाळेत आणून टाकत. आई-बाप दारात उभे राहून हे बघत. त्यांची त्याला हरकत नसे, कारण मुलाला शिस्त लागायची तर ती अशीच, हे सर्वांनाच मान्य होतं.

या शाळेनं मुलाच्या पाठांतरावर अपार भरवसा ठेवला, पण त्याच्या हातांवर जराही नाही. त्याला काय आवडतं, काय जमतं, कशाची भीती वाटते, हे प्रश्न कुणी विचारत नसे. आणि ही झाली आत आलेल्या मुलांची गोष्ट. मुली, कुणब्यांची पोरं आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुलं त्या पडवीपर्यंत सहसा पोचतच नव्हती.

ती का पोचत नव्हती, याचं उत्तर जोतीराव फुल्यांनी, शिक्षणाच्या चौकशीसाठी सरकारनं नेमलेल्या हंटर कमिशनपुढे दिलं. सावित्रीबाईंना सोबत घेऊन पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली त्याला तेव्हा चौतीस वर्षं उलटली होती. ती शाळा १८४८ ची, कमिशन १८८२ चं. आपल्या निवेदनात फुल्यांनी किमान बाराव्या वर्षापर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. पण नुसत्या मागणीवर ते थांबले नाहीत. शेतकऱ्याचं आणि गरिबाचं मूल शाळेत का येत नाही याचं साधं कारण त्यांनी मांडलं: गुरं राखायला आणि शेताकडे बघायला त्या घरांना मुलांचे हात लागतात. म्हणून अशा मुलांसाठी शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं ठेवावीत, असंही त्यांनी सुचवलं. शाळा आणि मूल यांच्यामध्ये घरातलं काम उभं आहे, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा आवाज तेव्हा सरकार दरबारी दुसरा क्वचितच असेल.

आणि शाळेत पोचल्यावर? साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी नऊ वर्षांचा एक मुलगा पहिल्या इयत्तेत दाखल झाला. रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकावर त्याचं नाव आहे, भिवा रामजी आंबेडकर. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेतले आपले दिवस बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवले. बसायला त्यांचं वेगळं गोणपाट असे. शाळेचा शिपाई त्याला शिवत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. इतर मुलं तहान लागली की मास्तरांची परवानगी घेऊन नळ सोडत आणि पाणी पीत. या मुलाला मात्र नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपाई असला आणि त्यानं नळ सोडला तर पाणी, नाही तर तहानलेलंच राहायचं. लहान मुलानं आपल्या हातानं पाणी घेऊन पिणं ही बालशिक्षणातली अगदी पहिली पायरी आहे असं पुढे माँटेसरीच्या पद्धतीनं सगळ्यांना शिकवलं. साताऱ्याच्या त्या शाळेत नऊ वर्षांच्या, चांगल्या हुशार मुलाकडून ती पायरी जाणूनबुजून काढून घेतलेली होती. मुलाच्या स्वातंत्र्याबद्दल महाराष्ट्रात काहीही बोलायचं तर हा नळ विसरून चालणार नाही.

फुल्यांनी मागितलेली सक्ती आणली ती संस्थानिकांनी. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी अमरेलीत १८९३ साली प्रयोग केला आणि १९०६ साली तो सगळ्या संस्थानाला लागू केला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणलं, ते फेटाळलं गेलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळच्या मजुराच्या घराला हा रुपया जड होता. दोनच वर्षांनी, १९१९ साली, अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सर्वांबरोबर बसवण्याचा हुकूमही त्यांनी काढला. एका हातानं दंड आणि दुसऱ्या हातानं दार उघडणं, ही शाहूंची दोन्ही पावलं एकत्र वाचली पाहिजेत. नुसता दंड असता तर तो गरिबावरच बसला असता.

एवढं सगळं झालं ते सहा-सात वर्षांपुढच्या मुलांसाठी. तीन वर्षांचं, आईचा पदर न सोडणारं मूल कुणाच्याही हिशेबात नव्हतं.

ते आलं गुजरातच्या बाजूनं. गिजुभाई बधेका हे काठियावाडातले वकील. त्यांना मुलगा झाला आणि आपल्याला ज्या छडीखाली शिकावं लागलं तिच्याखाली याला कसं पाठवायचं, या विचारानं हा बाप अस्वस्थ झाला. शोधता शोधता त्यांच्या हाती मारिया माँटेसरी या इटालियन डॉक्टरबाईंच्या कामाची माहिती आली. वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि १९२० साली तिथं त्यांनी बालमंदिर सुरू केलं. मारणं नाही, भीती नाही, बक्षीस नाही. मुलांनी त्यांच्यावर इतका जीव लावला की लोक त्यांना 'मूछाळी मा', मिशीवाली आई, म्हणू लागले. एका बापाच्या काळजीतून पश्चिम भारतातल्या बालशिक्षणाचा हा सगळा प्रवाह निघाला, ही गोष्ट पालक म्हणवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवी.

याच बालमंदिरात ताराबाई मोडक येऊन दाखल झाल्या. मुंबईत १८९२ साली, प्रार्थना समाजाच्या वातावरणातल्या केळकरांच्या घरात त्यांचा जन्म. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. अमरावतीच्या वकिलाशी लग्न, एक मुलगी, आणि १९२१ साली घटस्फोट. त्या काळी एकट्या बाईनं मूल वाढवणं म्हणजे काय, हे सांगायला नको. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्या झाल्या. पगार आणि मान दोन्ही असलेलं ते पद सोडून त्या भावनगरला लहान मुलांमध्ये जमिनीवर येऊन बसल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संघाच्या 'शिक्षणपत्रिके'ची मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालवली आणि तिच्यातून मराठी पालकांना एक नवी गोष्ट सांगितली गेली: घरातलं लहान मूल हे स्वतंत्र माणूस आहे.

मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत १९३६ साली ताराबाईंचं शिशुविहार सुरू झालं. तोवर दादर-माटुंगा भागात नव्या मध्यमवर्गाची वस्ती उभी राहिली होती. ब्लॉकमध्ये राहणारे, नोकरी करणारे, मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेणारे हे लोक. त्यांच्या मुलांना बालशाळेत मिळालं ते त्यांच्या उंचीचं जग: हाताला येतील अशी फडताळं, पेलतील अशी भांडी, स्वतः उलगडून स्वतः गुंडाळायची आसनं. बटण लावणं, पाणी ओतणं, सांडलेलं पुसणं, केर काढणं हा तिथला अभ्यास. घरी हे सगळं आई करत असे किंवा गडीमाणूस. त्यामुळे मूल शाळेतून आल्यावर "मी लावतो बटण" म्हणून हटून बसलं की घरातल्यांची पंचाईत होई. ऑफिसची वेळ झालेली असे आणि पोरगा एकेक काज शोधत बसलेला असे. अशा वेळी हात मागे घेणं आईबापांना शिकावं लागलं, आणि माझ्याशिवाय याचं चालतं हे मान्य करणं तर त्याहून कठीण गेलं. त्या पिढीच्या आयांनी घेतलेलं हे शिक्षण कुठल्या प्रमाणपत्रावर लिहिलेलं नाही. कडेवरचं मूल खाली ठेवायचं आणि ते चालतं का बघत उभं राहायचं, हेच त्यांचं काम होतं.

पण ताराबाईंचं समाधान झालं नाही, आणि त्यांचं मोठेपण आहे ते इथं. माँटेसरींची पहिली शाळा, १९०७ सालची, रोममधल्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत निघाली होती. आईबाप कामावर गेल्यावर इमारतीत एकटी राहणारी, जिन्यात धुडगूस घालणारी पोरं सांभाळायची म्हणून घरमालकांनी ती काढू दिली होती. ती पद्धत हिंदुस्थानात येईपर्यंत श्रीमंतांची झाली. ठरल्या मापाची लाकडी साधनं, सजवलेले वर्ग, भरभक्कम फी. जी शाळा गरिबांच्या पोरांसाठी जन्मली ती त्यांच्यापर्यंत परत न्यायची, असं ताराबाईंनी ठरवलं. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं.

बोर्डी हे समुद्रकाठचं गाव. चिकूच्या वाड्या आहेत, आचार्य भिस्यांनी घडवलेली नावाजलेली शाळा आहे. पण गावाच्या मागे डोंगराकडे वारल्यांचे पाडे आहेत. त्याच वर्षी त्याच टापूत गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको जन्मभर जमीनदाराकडे राबत, अशा गड्याला लग्नगडी म्हणत. अशा घरातल्या मुलांना बालवाडीत बोलवायला ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ जात होत्या. अनुताईंचा जन्म मोरगावचा, १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. पुढे शिकून त्या शिक्षिका झाल्या आणि पुण्यातली नोकरी सोडून बोर्डीला आल्या. लहानपण हिरावलं जाणं म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर या दोघींना जे दिसलं त्यानं दादरचं सगळं शिक्षण उलटं झालं. तिथली पाच वर्षांची मुलगी आधीच स्वावलंबी होती. ती पाणी आणत होती, लाकडं वेचत होती, चूल पेटवत होती. तिच्यापेक्षा जरा मोठा भाऊ दिवसभर गुरांमागे होता. बटण लावायला शिकवायचं कुणाला, अंगात सदराच नव्हता. आणि तिच्या कडेवर मूल होतं. आई शेतावर किंवा जमीनदाराच्या वाडीत कामाला, म्हणून धाकट्याचं सगळं हिच्याकडे. ती बालवाडीच्या दारापर्यंत आलीच तर कडेवरच्याला घेऊन येई, आणि तो रडला की परत जाई. दादरला मुलाला आईच्या कडेवरून खाली उतरवायचं होतं. कोसबाडला मुलीच्या कडेवरून बाळ उतरवून घ्यायचं होतं.

म्हणून विकासवाडी उभी राहिली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी. बाळ पाळणाघरात, मधलं बालवाडीत आणि थोरली ताई वर्गात. हे ऐकायला साधं वाटतं, पण शिक्षणखात्याच्या एकाही चौकटीत हे तिन्ही एकत्र बसत नव्हतं. वयानुसार वेगवेगळ्या योजना आणि वेगवेगळी खाती असतात. घर मात्र वयानुसार वेगळं चालत नाही. त्याचं एक टोक ओढलं की सगळं घर हलतं, हे त्या टेकडीवर त्यांनी ओळखलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. मूल गुरं सोडून येणार नाही तर बाईच गुरांमागे जाईल आणि सावलीत बसून शिकवेल. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रशाळा. आणि जी मुलं गावातल्या बालवाडीत यायला बिचकत, त्यांच्या वस्तीत, त्यांच्याच घरापुढच्या अंगणात शाळा भरवायची, ती अंगणवाडी. फुल्यांनी १८८२ साली सांगितलेल्या अडचणीवरचं हे उत्तर प्रत्यक्ष उभं राहायला जवळजवळ पाऊणशे वर्षं लागली.

साधनं तिथलीच वापरली गेली. शंख-शिंपले, चिंचोके, बिया, बांबूचे तुकडे, करवंट्या, माती आणि पानं. मोजायला, जुळवायला, लहानमोठं लावायला ती पुरत. सकाळी पहिलं काम पोरांना घरोघरून गोळा करण्याचं, मग अंघोळ, नखं, केस, डोळे पुसणं. त्यासाठी ताईच्या मांडीवर बसलेलं मूल काही वेळापुरतं पुन्हा लहान होई. दादरच्या पद्धतीत मोठ्यांनी मुलाचं काम करायचं नाही असा दंडक, पण इथं ताईनं मुलाचे केस विंचरणं हाच धडा होता, कारण त्याचे केस आजवर कुणी विंचरलेलेच नव्हते. पद्धत तीच, मूल वेगळं, म्हणून कृती उलट. ज्यांनी माँटेसरीची साधनं जपून काचेच्या कपाटात ठेवली त्यांच्यापेक्षा या दोघींना माँटेसरी अधिक कळली होती, असं म्हणायला जागा आहे.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. १९७३ साली त्या गेल्या. अनुताईंनी टेकडी १९९२ पर्यंत, स्वतःच्या मृत्यूपर्यंत सांभाळली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनी सुरू केली. तिच्या केंद्राला अंगणवाडी हेच नाव मिळालं. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. सेविका आणि मदतनीस मिळून पोषण आहार, वजन, लसीकरणाची आठवण, गरोदर बायकांची नोंद, सर्वेक्षणं आणि या सगळ्यातून उरलेल्या वेळात तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शिकणं सांभाळतात. त्यांना मिळतं ते मानधन, पगार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये त्या राज्यभर संपावर गेल्या आणि आठवडेच्या आठवडे अंगणवाड्यांना कुलपं राहिली. अनुताईंनी जे काम आयुष्य वाहून केलं ते लाखो बायकांकडून तुटपुंज्या पैशात करून घ्यायचं आणि त्यांनी मागणं केलं की कानांवर हात ठेवायचे, हा त्या कामाचाही अपमान आहे आणि त्या मुलांचाही.

शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, पण त्याचा हक्क सहाव्या वर्षापासून सुरू होतो. त्याआधीची तीन वर्षं २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं पायाभूत म्हणून मानली, तरी ती हक्काची झालेली नाहीत. महाराष्ट्रात २०२२ पासून पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारीचं अभियान चालवलं जातं. गावोगाव मेळावे भरतात, मुलांकडून छोट्या कृती करून घेतात, आणि आयांचे गट करून घरी काय खेळायचं ते सांगतात. आईला शिक्षणाच्या आत घेण्याची ही कल्पना ताराबाईंच्या पत्रिकेपासूनची आहे. आता ती पत्र्याच्या शेडमध्ये, मोबाइलवरच्या व्हिडिओतून चालू आहे, आणि तिचं स्वागत करायला हवं.

पण कडेवरचं बाळ अजून उतरलेलं नाही. वसई-भिवंडीच्या बाजूला वीटभट्ट्यांवर आदिवासी कुटुंबं पाऊस संपला की उतरतात. तिथल्या मुलांसाठी १९९० च्या दशकात विधायक संसद या संघटनेनं भोंगाशाळा काढल्या. ऊसतोडीच्या पट्ट्यात साखर कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. नवराबायको मिळून एक कोयता, असाच त्यांचा हिशेब. मुलं गावातच राहावीत म्हणून शाळांना जोडून हंगामी वसतिगृहं चालवली जातात, त्यात जेवणाची सोय असते आणि मुलं रात्री आजीआजोबांकडे झोपतात. आठ-दहा वर्षांचा मुलगा तिथं राहू शकतो. पण तान्हं बाळ आईबरोबर फडावर जातं, आणि पहाटे आईनं कोयता हातात घेतला की ते सांभाळायला कुणीतरी लागतं. मग पटावर नाव असलेली थोरली बहीण सोबत नेली जाते. हजेरीपटावर तिच्या नावापुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत गैरहजेरी लागत राहते. फडाच्या कडेला पाळणाघर असेल तरच ती वर्गात बसेल. कारखान्याला उसाच्या प्रत्येक गाडीचं वजन माहीत असतं. त्या पाळणाघराचा खर्च त्या वजनात धरला जावा, ही मागणी कोसबाडच्या टेकडीवरून आलेल्या कुणालाही अवाजवी वाटणार नाही.